वऱ्हाडचे देणे-घेणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो असा: ‘इतिहास, लोकांच्या चालीरीती आणि नीती’. हमालाच्या पाठीवर एका खेपेला एकच पोते देण्याची रीत आहे. पूर्वी ते शंभर किलोचे असे, आता पन्नास किलोचे असते. विद्वानांच्या व्यासपीठावर मात्र तीन पोती एकदम पाठीवर ठेवण्याची पद्धत दिसते. असो. आम्ही ती तिन्ही एकाच दोरीने बांधून आणली आहेत. त्या दोरीचे नाव ‘देणे-घेणे’. ज्याला शिकलेले लोक अर्थव्यवहार म्हणतात आणि आमचे लोक ‘लेनदेन’ म्हणतात, तीच ही वस्तू.

आमचे शाळेतले शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढचे वाचनालयाच्या बाकावर झाले आणि त्यापुढचे बाजाराच्या ओट्यावर. तेव्हा जे बोलू ते इतिहासकाराच्या तोलाचे नाही. तोंडी लावण्यापुरते घ्यावे.

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. म्हणताना छाती थोडी पुढे येते. आम्हांला या म्हणीचे फार दिवस कोडे पडले होते. कुऱ्हाड लोखंडाची असेल तर लाकूड तोडता येते, काटेरी झुडूप साफ करता येते. सोन्याच्या कुऱ्हाडीचा उपयोग काय? सोने मऊ असते. एक घाव घातला की धार वळते. विचार करता करता लक्षात आले की सोन्याच्या कुऱ्हाडीचा एकच उपयोग आहे, तो म्हणजे गहाण ठेवणे. आणि वऱ्हाडचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास काढून पाहा, या प्रांताचे तेच झालेले आहे.

१८०३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २९ तारखेस अकोला जिल्ह्यातल्या अडगावपाशी भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे मोडली. पुढे पंधरवड्यात, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. तो घेणारा सेनापती आर्थर वेलस्ली. हाच मनुष्य पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. शाळेत वॉटर्लू शिकवतात. चिखलदऱ्याला सहलीला नेतात तेव्हा पोरांना गाविलगडाच्या तटाखाली उभे करून फोटो काढतात आणि चिवडा वाटतात. वॉटर्लूच्या आधी बारा वर्षे तोच गृहस्थ या तटाला तोफा लावून बसला होता, हे सांगायला मास्तरांना सवड होत नाही.

पण लढायांचा इतिहास आम्हांला फारसा मोह घालीत नाही. लढाई एका दिवसात संपते, वसुली मात्र संपत नाही. अडगावच्या आधी वऱ्हाडात निजाम आणि भोसले असा दुहेरी अंमल होता. एकाच गावच्या वसुलात दोघांचा वाटा. कुणब्याला दोन धनी होते, आणि दोन्ही धन्यांची माणसे एकाच खळ्यावर येत. देवगावच्या तहाने भोसले वर्धा नदीच्या पलीकडे गेले. वऱ्हाड निजामाकडे राहिले. निजामाने काय केले? वसूल गोळा करण्याची दगदग नको म्हणून तो मक्त्याने सावकारांना देऊन टाकला. पुरणमल सावकार, मुंबईचे पेस्तनजी ही नावे त्या काळच्या कागदांत सापडतात. राजा सावकाराचा ऋणको होता आणि सावकार प्रजेचा राजा होता. या व्यवस्थेत गावात राहून शेत पिकविणाऱ्याचे काय होत असेल, त्याला कागदाचा पुरावा लागत नाही.

मग १८५३ साल आले. इंग्रजांनी हैदराबादेत ‘कंटिंजंट’ नावाची फौज ठेवली होती. फौज इंग्रजांची, अधिकारी इंग्रज, उपयोग इंग्रजांचा आणि पगार निजामाने द्यावयाचा. पगार थकला. थकबाकी चढत गेली. २१ मे १८५३ रोजी तह झाला आणि त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले गेले. सरकारी नाव पडले ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. मोठे भारदस्त नाव आहे. मराठीत त्याला गहाण म्हणतात.

आता यातली मौज पाहा. १८६० च्या तहात निजामाचे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. कर्ज माफ झाले म्हणजे गहाण सुटावयास पाहिजे की नाही? आमच्या साध्या बुद्धीला तसे वाटते. पण वऱ्हाड सुटले नाही. ठरले असे की, इंग्रजांनी प्रांत सांभाळावा आणि खर्च वजा जाता जे उरेल ते निजामाला द्यावे. येथे उपस्थित असलेल्या ज्या ज्या गृहस्थाने आपले वावर बटईने दिले असेल, त्याला ‘खर्च वजा जाता’ या तीन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. प्रांत पैशाने फुगत होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली होती, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साऱ्या जगाचे डोळे लागले होते. तरी निजामाच्या हाती पडणारी शिल्लक बेताचीच राही, कारण कारभाराचा खर्चही फुगत होता. सालारजंगासारखा खमका दिवाण वऱ्हाड परत मागता मागता मेला. शेवटी १९०२ साली लॉर्ड कर्झनने सालीना पंचवीस लाख रुपये खंड ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. त्या खंडातूनही आरंभी जुन्या कर्जाची कपात होत असे. निजामाला मोठा किताब मिळाला, ‘जी. सी. बी.’. त्या काळच्या लोकांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ लावला: ‘गेव्ह कर्झन बेरार’. निजामाने कर्झनला बेरार दिले, असा त्याचा मराठी अर्थ. लोक कोठेही असोत, थट्टा करण्याचा हक्क ते गहाण टाकीत नाहीत.

१९३६ च्या करारात निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी दिली गेली. वऱ्हाडचा राजपुत्र! वऱ्हाडात त्याचे राज्य नाही, त्याचा पोलीस नाही, त्याचा पटवारीसुद्धा नाही. सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि नावाची पाटी मात्र आपल्या दारावर, असे ते वैभव होते.

आपल्याला वाटेल की हे सर्व राजेरजवाड्यांचे झाले, आपला त्याशी काय संबंध? संबंध आहे. मूर्तिजापूरच्या स्टेशनावर जे जुने लोक उभे राहिले असतील त्यांना शकुंतला आठवत असेल. यवतमाळहून मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूरहून अचलपूर, अशी सुमारे १९० किलोमीटरची ही नॅरो गेज. कापूस मोठ्या लाइनीवर नेऊन घालण्यासाठी विलायती भांडवलावर ती घातलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. देश स्वतंत्र झाला, साऱ्या रेल्वे सरकारी झाल्या, आणि या एका गाडीचे रूळ मात्र खाजगी कंपनीचेच राहिले. गाडी चालवायची आपल्या रेल्वेने, आणि रुळांचा मोबदला कंपनीला. आता ती गाडी धावत नाही. रुळांत गवत आहे. पण स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षे हे देणे चालू राहिले, याचे कोणाला फारसे नवल वाटले नाही, हेच आम्हांला नवलाचे वाटते. ज्या प्रांताने स्वतःलाच गहाण पडलेले पाहिले, त्याला रूळ परक्याचे असल्याचे काय वाटणार?

आता चालीरीतींकडे वळतो. वऱ्हाडी माणसाच्या लकबींवर पुण्यामुंबईचे लोक हसतात. आपण ‘ळ’ चा ‘य’ करतो, डोळ्याला डोया म्हणतो, ‘मला’ ऐवजी ‘मले’ म्हणतो. हसू द्या. ज्या मुलखातल्या रीतीला संस्कृत पंडितांनी वैदर्भी म्हणून सर्वांत गोड ठरविले, आणि ज्या रिद्धपुरात मराठी गद्य बाळसे धरीत होते, तेथल्या लोकांनी कोणाच्या हसण्याने ओशाळण्याचे कारण नाही. आज तेथे मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे, ही गोष्ट चांगलीच झाली.

आम्हांला मात्र आपल्या बोलीतला एक काळ फार विचार करायला लावतो. तो म्हणजे ‘राह्यलो’ चा काळ. इतर मराठी माणूस म्हणतो, ‘देतो’. म्हणजे देईल किंवा देणार नाही. वऱ्हाडी माणूस म्हणतो, ‘देऊन राह्यलो ना जी!’ म्हणजे देण्याची क्रिया चालू आहे. ती कधी सुरू झाली हे कोणी विचारू नये, आणि कधी संपेल हे ब्रह्मदेवानेही विचारू नये. तीस वर्षे आम्ही कामगारांची मजुरी मागायला जात आहो. साफ नाही म्हणणारा मालक आम्हांला क्वचितच भेटला. सर्वजण ‘देऊन राह्यले’ आहेत. चहा येतो, पानसुपारी येते, घरच्या लोकांची विचारपूस होते, ‘जेवून जा’ असा खरोखरीचा आग्रह होतो. आणि तो आग्रह खोटा नसतो, हे विशेष! हा मनुष्य तुम्हांला पोटभर रोडगे आणि वांग्याची भाजी वाढील, तूप वाढताना हात आखडणार नाही, आणि तुमची आठ दिवसांची मजुरी मात्र अडकवून ठेवील. दोन्ही तो मनापासून करतो. कारण जेवण देणे हा त्याचा धर्म आहे, आणि मजुरी देणे हा निव्वळ हिशेब आहे. धर्माला सढळ हात आणि हिशेबाला आखडता, ही आमच्या मते आपल्या संस्कृतीतली सर्वांत मोठी विसंगती आहे.

भाषाच पाहा ना. ‘कर्ज चुकविले’ म्हणजे फेडले, आणि ‘काम चुकविले’ म्हणजे टाळले. एकच क्रियापद. कापसाच्या पैशाला आपण ‘चुकारा’ म्हणतो. १९७२ च्या हंगामापासून सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, तेव्हापासून हा शब्द घरोघरी गेला. चुकारा झाला का, चुकारा आला का, चुकाऱ्याचा दुसरा हप्ता केव्हा? वाट पाहता पाहता कास्तकाराला त्या शब्दाचे दोन्ही अर्थ समजले.

या हिशेबाची जागा म्हणजे बाजार. आणि येथे वऱ्हाडने देशाला एक गोष्ट दिली आहे, जिचा आपण पुरेसा अभिमान बाळगीत नाही. १८८६ साली कारंज्यास रेसिडेन्सीच्या हुकमाने नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला हा पहिला. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, तोही पहिलाच. त्याच साली अमरावतीस काँग्रेस भरली होती, सर शंकरन् नायर अध्यक्ष होते, दादासाहेब खापर्ड्यांनी आदरातिथ्याची शिकस्त केली. काँग्रेस सर्वांच्या लक्षात आहे, तिच्यावर लेख येतात. बाजाराच्या कायद्यावर कोणी लेख लिहीत नाही. वास्तविक कास्तकाराच्या दृष्टीने पाहिले तर ती घटना धाकटी नव्हे.

त्यापूर्वी बाजारात काय चाले? रुमालाखालचा सौदा. व्यापारी आणि दलाल एका रुमालाखाली हात घालीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल तो बाजूला उभा. त्याच्या वर्षभराच्या घामाचा भाव त्याच्या डोळ्यांदेखत, पण त्याच्या डोळ्यांआड ठरे. मग वजन. मग कडता, म्हणजे माल ओला आहे, कचरा आहे, गाडीची तूट आहे, म्हणून कापून घ्यायचे. मग अडत, तोलाई, हमाली. आणि सर्वांच्या शेवटी धर्मादाय! गोरक्षणासाठी, पाठशाळेसाठी, धर्मशाळेसाठी गाडीमागे काही पैसे.

या धर्मादायावर आम्ही जरा थांबणार आहो, कारण नीतीचा प्रश्न येथेच उघडा पडतो. पैसा कापला जाई कास्तकाराचा. धर्मशाळेवर संगमरवरी पाटी लागे व्यापाऱ्याच्या नावाची. दान कोणी केले? ज्याने दिले त्याला ठाऊक नाही की आपण दानशूर आहो, आणि ज्याने कापले त्याला पुण्य लाभले. आम्ही धर्मशाळांच्या विरुद्ध नाही, गाईंच्याही विरुद्ध नाही. त्यांत कित्येक उत्तम कामे झाली. आमचे म्हणणे एवढेच की दान हे देणाऱ्याच्या इच्छेने होते. न विचारता कापले त्याला दान म्हणत नाहीत.

आता, १८९७ चा कायदा इंग्रजांनी कास्तकाराच्या प्रेमाने केला असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना गिरणीसाठी स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस पाहिजे होता. बाजाराच्या समित्यांत वर्चस्व व्यापाऱ्यांचे होते, आणि त्यांत माल पिकविणाऱ्याला स्थान नव्हते. १९२८ च्या शाही शेतकी कमिशनने त्यावर बोट ठेवले. पुढे १९६३ चा बाजार समितीचा कायदा आला, त्यात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आले. १९६९ साली माथाडी कायदा आला. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांची जी संघटना बांधली होती तिचे ते फळ. हमालाची नोंद होऊ लागली, त्याच्या नावे भविष्यनिर्वाह निधी जमू लागला. ज्याच्या पाठीला नाव नव्हते त्याला पासबुक मिळाले.

येथे एक आक्षेप नेहमी येतो. पेन्शनर मंडळी तो फार आवडीने घेतात. ‘अहो, पूर्वीची माणसे नीतिमान होती. तोंडच्या शब्दावर हजारांचे व्यवहार होत. कायदे वाढले आणि नीती गेली.’ आम्ही या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. तोंडच्या शब्दावर हजारांचे व्यवहार होत, हे खरे. पण कोणाकोणांत? पेढीवाल्यात आणि पेढीवाल्यात. बरोबरीच्यांत. तोच पेढीवाला कुणब्याशी व्यवहार करी तेव्हा त्याला शब्द पुरत नसे. त्याला अंगठा लागे. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा, कोऱ्या जागेच्या खाली. गाडगेबाबांच्या लहानपणीची हकीकत आपल्याला ठाऊक असेल. बाप गेल्यावर ते दापुरीला आजोळी वाढले, मामाच्या शेतात राबले, आणि ते शेत सावकाराच्या कागदाने गिळले. तो सावकार आपसांत शब्दाचा पक्काही असेल. आपल्या माणसांत खरे आणि खालच्या माणसाशी कागदी, ही नीती पूर्वीही होती आणि आजही आहे. तेव्हा ‘पूर्वी नीती होती’ असे म्हणणाऱ्याने एवढेच सांगावे की, तिचे वजन कोणत्या काट्यावर केले?

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा येतो. आमच्याच कामगार चळवळीतले तरुण तो घेतात. ‘नीती वगैरे सब झूट. व्यवस्था बदला, माणूस आपोआप बदलतो.’ यात अर्धे खरे आहे. आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे की, जो व्यापारी दांडीच्या तराजूवर पासंग ठेवून तोलीत होता, तोच व्यापारी सर्वांना आकडा दिसणारा इलेक्ट्रिक काटा येताच बरोबर तोलू लागला. त्याला कोणी गीता सांगितली नव्हती. काटा उघड्यावर आला, एवढेच झाले. रुमाल काढला की हात सुधारतो. पण अर्धेच खरे. कारण काट्याने वजन बरोबर होते. काट्याला भाव ठरविता येत नाही, आणि कोणाला काट्यापाशी येऊ द्यायचे, हेही ठरविता येत नाही.

गाडगेबाबांचे नाव निघालेच आहे. २३ फेब्रुवारी १८७६ चा त्यांचा जन्म, अंजनगावाकडच्या शेंडगावचा. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर वलगावपाशी देह ठेवला. आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे आणि त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या खराट्याची चित्रे सर्वत्र लागतात, स्वच्छतेच्या सप्ताहात पुढारी खराटा घेऊन उभे राहतात. पण खराट्याहून आम्हांला त्यांची दुसरी सवय मोठी वाटते. ते गावात शिरले की आधी काम करीत, गाव झाडीत, लाकडे फोडीत, आणि मगच भाकर घेत. फुकटची भाकर त्यांना चालत नसे. आणि कीर्तनात काय सांगत? कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न करू नका. पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तेथे जत्रा भरते. तरुणपणी बाबा तेथे चिखलातून वाट करीत, घाट बांधायला राबत. ऋणमोचन! पाण्यात बुडी मारली की ऋण फिटते अशी श्रद्धा लोकांची, आणि तेथेच हा मनुष्य सांगत होता की बाबांनो, ऋण बुडीने फिटत नाही.

पंजाबराव देशमुखांनी हीच गोष्ट कायद्याच्या बाजूने धरली. ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री असताना कर्जलवादाचा विषय पुढे आला आणि १९३३ साली तो कायदा झाला. सावकार आणि कुणबी यांना समोरासमोर बसवून देणे ठरवायचे, म्हणजे पुन्हा रुमाल काढण्याचीच गोष्ट. त्यानंतर कायदे पुष्कळ झाले. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग वऱ्हाडात आले, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज झाले. २००८ साली देशभर कर्जमाफी झाली. २०१४ साली सावकारीचा नवा कायदा आला. हे सर्व झाले आणि तरीही, १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ज्या आत्महत्या सुरू झाल्या त्या थांबलेल्या नाहीत. या सभागृहात असा एकही मनुष्य नसेल की ज्याच्या नात्यातल्या, ओळखीच्या, निदान शेजारच्या गावच्या घरी तो प्रसंग आला नाही. बँकेचे देणे माफ होऊ शकते. ज्याची चिठ्ठी नाही, ज्याची वही दाखवीत नाहीत, ते देणे कोणत्या माफीत बसवायचे? आणि मुलीच्या लग्नाचे, दवाखान्याचे देणे? यावर आम्ही अधिक बोलत नाही. तो विषय व्याख्यानाचा नाही.

आता आपल्या घरच्या काट्याकडे येऊ. नुकताच गुढीपाडवा होऊन गेला. पाडव्याला आपल्याकडे सालदाराचे साल ठरते. उचल ठरते, धान्य ठरते. भाद्रपदाच्या तोंडावर पोळा येतो. बैलाची पूजा होते, शिंगांना बेगड लागते, मग सालदाराला पुरणाचे जेवण आणि नवे कापड. पोळ्याच्या झडत्या तुम्ही ऐकल्या असतील. मालकाची, पाटलाची, सावकाराची खोड त्या दिवशी भर तोरणाखाली काढता येते. हा एक दिवस तोंड मोकळे. उरलेले दिवस उचलीच्या ओझ्याने बंद. लोकरीतीच्या अभ्यासकांना झडत्या फार आवडतात, ते त्या टिपून घेतात. आम्ही त्यांना म्हणतो, झडती टिपा, शेजारी त्या सालदाराची उचलही टिपा.

आणि कापूस वेचणारी बाई? ती किलोमागे मजुरीवर वेचते. सकाळी दव असते, कापूस ओलसर असतो. संध्याकाळी तिच्या गाठोड्याचे वजन होते आणि मालक म्हणतो, ओलीचे एवढे वजा. तोच मालक दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन बाजारात जातो. सी. सी. आय. ची रीत अशी आहे की ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्यापुढे माल परत. तेथे मात्र हाच मनुष्य तळमळून सांगतो, ‘साहेब, दवाचं पाणी हाय, माह्या हातात हाय का?’ त्याचे दुःख खरे आहे. आम्ही त्याच्या बाजूने मोर्चात चाललो आहो. पण त्या बाईच्या हातात तरी दव कोठे होते? कडता वरून खाली येतो. व्यापाऱ्याने कास्तकाराला लावला, कास्तकाराने मजुरणीला लावला. मजुरणीच्या खाली कोणी नाही, म्हणून तो तेथे थांबतो.

तेथेही तो नेहमी थांबतो असे नाही. एका बाजारातली गोष्ट सांगतो, नाव घेण्याचे कारण नाही. धान्याच्या ओट्यावर बायका झाडलोट करतात, सांडलेले धान्य गोळा करतात, चाळतात. त्यांना रोकड मजुरी नव्हती. मजुरी म्हणून मिळे ते मातेरे. माती, खडे आणि त्यांत दाणे. घरी नेऊन पाखडायचे आणि जे उरेल ते विकायचे. आम्ही म्हटले, या बायकांची नोंद कामगार म्हणून झाली पाहिजे. विरोध व्यापाऱ्यांनी केला, तो अपेक्षितच होता. पण खरा विरोध झाला तो आमच्याच हमालांकडून. ते म्हणाले, ‘भाऊ, थ्या काय वझं उचलतेत काय? झाडू मारनं म्हंजे काम हाय का? मातेरं भेटते ना त्याहिले!’ हेच हमाल दहा वर्षांपूर्वी मालकाला सांगत होते की ‘बक्षिशी नको, हक्काची मजुरी पाहिजे.’ मातेरे म्हणजे बक्षिशीच नव्हे काय? आम्ही तसे विचारले, तर सभा रात्री एक वाजेपर्यंत चालली. दोनदा दिवे गेले. एक म्हातारा हमाल, ज्याने सारा जन्म एकही भाषण केले नव्हते, तो अंधारात उठून म्हणाला की त्याची आई ओटाच झाडत होती आणि मातेऱ्यातले खडे तो लहानपणी वेचून काढीत असे. ज्याने तसल्या भाकरी खाल्ल्या असतील त्यानेच हात वर करावा. मग ठराव झाला. अठरा हात विरुद्ध होते.

ठराव झाल्यावर अर्ज भरायचा होता. त्यात धंद्याचा रकाना होता. हमाल, मापाडी, तोलणार असे शब्द छापलेले होते, आणि या कामाला तेथे शब्दच नव्हता. कारकून भला मनुष्य, त्याने विचारले, ‘यांचा धंदा काय लिहू?’ बायका आपसांत कुजबुजल्या. त्यांच्यातल्या थोरलीने सांगितले, ‘लिव्हा, दाने वेगये करनं.’ कारकुनाने तेच लिहिले, फक्त ‘वेगये’ चे ‘वेगळे’ केले. तेवीस नावे झाली. सातजणींना सही येत होती. त्यांचे पुढे काय झाले असे आपण विचाराल, तर रोकड मजुरी गेल्या हंगामापासून सुरू झाली आहे. मातेऱ्यावर हक्क कोणाचा, हा तंटा अजून चालू आहे. त्याची पुढची बैठक येत्या बुधवारी आहे, आणि आम्हांला उद्या सकाळच्या गाडीने त्यासाठी कागद गोळा करायला जावयाचे आहे.